शरणपूरचे हबशी

कल्याणहून माळशेज चढून नगरकडे जाणारा रस्ता ओतूर मागे टाकून पूर्वेस निघाला, म्हणजे पिंपरी पेंढार ओलांडून आळेफाट्यावर येतो आणि तेथे पुण्याहून नाशिकास जाणारा हमरस्ता त्याला छेदतो. ओतुरास, भाविक जिला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची मानतात, ती समाधी आहे. आळ्यास, ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले अशी कथा आहे, त्या रेड्याची समाधी आहे. आणि या दोन समाध्यांच्या दरम्यान वसलेल्या पिंपरी पेंढारच्या माणसाला देवाची कृपा कोठपर्यंत पोहोचते हा प्रश्न नवा वाटण्याचे कारण नाही. पखाल वाहणारे मुके जनावरही जेथे समाधीला पात्र ठरते, तेथे कृपेच्या सरहद्दीवर चौकी बसविणे अवघडच. हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात, अगदी वेगळ्या भाषेत आणि अगदी वेगळ्या माणसांच्या आयुष्यात, या चौरस्त्यावरून बोटा, संगमनेर, सिन्नर करीत उत्तरेस जाणाऱ्या वाटेच्या टोकाशी उपस्थित झाला. नाशिक शहराच्या पश्चिमेस शरणपूर नावाची वस्ती आहे. ख्रिस्ती धर्मातील, अखेरीस चांगल्याचाच वाइटावर विजय होणार या आशेची एक कसोटी तेथे लागली, आणि ती लावणारी माणसे ना इंग्रज होती ना मराठी. ती आफ्रिकेतून गुलाम म्हणून पळविलेली मुले होती.

ओतूर-आळे ज्यात मोडतात त्या जुन्नर प्रांताला हबशी, म्हणजे आफ्रिकी, माणूस परका नाही. हबशी देशाच्या हरार मुलखात जन्मलेला, बाजारात एकदा नव्हे तर अनेकदा विकला गेलेला, आणि अखेर निजामशाहीच्या पेशव्याच्या पदरी येऊन पडलेला मलिक अंबर याने, अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर बुडती निजामशाही सावरून धरली आणि १६०७ च्या सुमारास तिची राजधानी काही काळ जुन्नरास आणली. त्याची जमाबंदी, त्याचे गनिमी युद्ध आणि त्याचे पाटबंधारे यांची कीर्ती आपल्या इतिहासकारांनी यथायोग्य गाइली आहे. परंतु तो गुलाम होता ही गोष्ट आपण त्याच्या पराक्रमाला शोभा आणणारी पार्श्वभूमी म्हणूनच सांगतो. गुलामाचा वजीर होणे हा दैवाचा चमत्कार, आणि तो चमत्कार झाला की गुलामगिरीविषयी आणखी काही बोलण्याची आवश्यकता उरत नाही, अशीच मध्ययुगाची धारणा होती. एक अंबर वर आला. त्याच्याबरोबर त्याच जहाजातून उतरलेले इतर कोठे गेले, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

त्यानंतर अडीचशे वर्षांनी याच सह्याद्रीच्या पठारावर आफ्रिकेतील मुलांची दुसरी तुकडी आली, तिचे कारण मात्र निराळे होते. चर्च मिशनरी सोसायटी नामक इंग्रज संस्थेने १८२० साली मुंबईत आणि १८३२ साली नाशकात आपले ठाणे घातले. पुढे जुन्नर व मालेगाव येथेही तिचे उपदेशक राहू लागले. म्हणजे नाणेघाटाच्या माथ्यापासून गोदेच्या काठापर्यंतचा सारा टापू या एका संस्थेच्या कक्षेत आला. ख्रिस्ती धर्म या वाटेला प्रथमच भेटत होता असेही नव्हे. सहाव्या शतकातील कॉस्मस नावाच्या प्रवाशाने कल्लियाना येथे इराणातून नेमणूक होऊन आलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे, आणि पुष्कळ पंडित ते आपलेच कल्याण समजतात. नाशकात आलेल्या पहिल्या मिशनऱ्यांत चार्ल्स पिनहॉर्न फेरर हा एक होता. त्याला मुंबईत ७ ऑगस्ट १८३१ रोजी मुलगा झाला, त्याचे नाव फ्रेडरिक विल्यम. हा बालक तीन वर्षांचा असतानाच विलायतेस रवाना झाला. त्याची गाठ आपल्याला पुढे पडणार आहे.

या मंडळींनी आपल्याकडे जो उपदेश आणला, त्यातील आशेचा भाग आपल्या लोकांना नीट उमगला असे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण आपल्या कालविषयक कल्पनेत आहे. आमच्या पुराणांत चांगल्याचा विजय होतो, परंतु तो अखेरचा नसतो. युगे फिरतात, धर्माला ग्लानी येते, अवतार होतो, दुष्टांचे पारिपत्य होते, आणि चक्र पुन्हा पहिल्या आऱ्यावर येते. हिरण्यकशिपू मेला तरी रावण यावयाचाच, रावण मेला तरी कंस यावयाचाच. ख्रिस्ती कल्पनेत काळ हा रस्त्यासारखा एकदाच एका दिशेने जातो. एकदा सृष्टी, एकदा पतन, एकदा क्रूस, एकदा पुनरुत्थान, आणि एकदाच शेवट. वाईट हे अनादी नाही, म्हणून ते अनंतही नाही. त्याचा पराभव क्रूसावर झालेला आहे, आणि जगाला केवळ त्या निकालाची अंमलबजावणी पाहावयाची उरली आहे. हा निकाल डोळ्यांनी पाहिल्याप्रमाणे सांगणारा ग्रंथ म्हणजे पात्मस बेटावर हद्दपारीत असलेल्या योहानाचे प्रकटीकरण. रोमच्या साम्राज्याखाली चिरडल्या जाणाऱ्या लहानशा मंडळ्यांना तो लिहिलेला आहे. सम्राटाच्या नगरीला तो बाबेल म्हणतो, आणि ती नगरी जळू लागताच शोक करीत उभे राहिलेले सौदागर कोणकोणत्या मालाचे गिऱ्हाईक गेले म्हणून रडतात, याची तो यादीच देतो. सोन्यारुप्यापासून आरंभ होतो. मग मोती, तलम वस्त्रे, हस्तिदंत, दालचिनी, धूप, मद्य, तेल, गहू, गुरे, घोडे, रथ. आणि यादीच्या अगदी शेवटी, सर्व जिनसा संपल्यावर, माणसांची शरीरे व माणसांचे जीव. माणसे विकणारी नगरी टिकणार नाही, असे पहिल्या शतकाच्या अखेरीस कोणीतरी लिहून ठेवले होते. लिहिणाऱ्याच्या हाती त्या वेळी सत्तेचा कणही नव्हता.

तरीही त्यानंतर अनेक शतके ख्रिस्ती राष्ट्रे स्वतःच त्या यादीतील शेवटच्या जिनसेचा व्यापार करीत राहिली, ही गोष्ट या धर्माच्या कोणाही प्रामाणिक अभ्यासकाला गिळून टाकता येण्याजोगी नाही. इंग्लंडने १८०७ साली गुलामांचा व्यापार आणि १८३३ च्या कायद्याने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी बंद केली. पण हिंदी महासागरातील व्यापार अरबांच्या गलबतांतून चालूच होता, आणि झांजिबारचा बाजार त्याचे केंद्र होता. न्यासा सरोवराच्या आसपासच्या खेड्यांतून, विशेषतः याओ लोकांतून, पकडून किंवा खरेदी करून आणलेली माणसे किनाऱ्यापर्यंत चालविली जात आणि तेथून गलबतांत भरून अरबस्तान व इराणच्या आखाताकडे पाठविली जात. इंग्रजी आरमाराची जहाजे ही गलबते अडवीत, धन्यांकडून माणसे सोडवीत, आणि मग प्रश्न येई की यांचे करावयाचे काय? परत पाठवावे तर गाव जळालेले, आप्त विकले गेलेले, आणि वाटेत पुन्हा पकडणारे टपलेले. तेव्हा त्यांतील पुष्कळांना मुंबईस आणून सरकारी अंमलदारांच्या हवाली करीत, आणि मुलांची वाटणी निरनिराळ्या घरांत व मिशनांत होत असे.

यांपैकी काही मुले शरणपुरास आली. ही वस्ती विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने १८५४ साली वसविली. जातीने वाळीत टाकलेले नवख्रिस्ती, दुष्काळाने आणि दुखण्याने पोरकी झालेली एतद्देशीय मुले, आणि मग ही आफ्रिकी मुले, अशी तेथील रयत. सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम आणि त्याबरोबर लिहिणे-वाचणे व प्रार्थना असा तेथील शिरस्ता. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांची या वस्तीवर मर्जी होती, आणि पुढे त्यांनीच तिचे महत्त्व विलायत सरकारच्या कानी घातले. मुलांना नवी नावे मिळाली, ती बहुधा मिशनच्या पुरस्कर्त्यांची किंवा जुन्या मिशनऱ्यांची. चेंगविंबे नावाचा याओ मुलगा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. आणखी एक कॅरस फेरर झाला, म्हणजे नाशिकच्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी एकाचे नाव एका मुक्त गुलामाने धारण केले. तिसरा जेकब वेनराइट. माणसाचे मूळ नाव काढून घेणे हे गुलामांच्या सौदागरांचेही पहिले काम असते, आणि उपकारकर्त्यांनीही तेच करावे याची खंत वाटल्यावाचून राहत नाही. परंतु नावे बदलणाऱ्यांनी त्यांच्या हाती लेखणी आणि रंधाही दिला, हे नाकारता येत नाही. आणि पुढील हकिगत त्या लेखणीची आहे.

आफ्रिकेचा मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ साली मुंबईस आला, तेव्हा तिकडच्या आपल्या नव्या सफरीसाठी माणसे पाहण्यास तो नाशिकलाही गेला, आणि शरणपूरच्या शाळेतील नऊ तरुण त्याच्याबरोबर जाण्यास तयार झाले. १८६६ च्या जानेवारीत ही मंडळी मुंबईहून झांजिबारला निघाली. या मुलांविषयी लिव्हिंग्स्टनने आपल्या रोजनिशीत फारसे चांगले लिहिलेले नाही. ती आळशी आहेत, सामान टाकून देतात, कुरकुर करतात, अशी त्याची तक्रार आहे, आणि त्यांतील कित्येकांनी त्याची साथ सोडली हेही खरे. ज्या अरण्यातून आपल्याला एकदा गळ्यात जोखड घालून हाकलले, त्याच अरण्यात पुन्हा पाठीवर ओझे घेऊन जाण्यास पाय मागे ओढत असल्यास त्याला आळस म्हणावे की आणखी काही, याचा निर्णय वाचकांनीच करावा. एडवर्ड गार्डनर आणि मब्रुकी या नावाने ओळखला जाणारा नॅथॅनियल मात्र अखेरपर्यंत टिकले. १८७२ मध्ये, लिव्हिंग्स्टनचा शोध लावून परतलेल्या स्टॅन्ले या बातमीदाराने किनाऱ्यावरून कुमक पाठविली, तिच्यात शरणपूरचे आणखी सहा जण होते, आणि वेनराइट, वेलिंग्टन व कॅरस फेरर त्यांतलेच.

१८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी चितांबोच्या गावी, एका झोपडीत, बिछान्यापाशी गुडघे टेकलेल्या स्थितीत लिव्हिंग्स्टन मृत आढळला. पुढे जे घडले त्याचा निर्णय कोणा साहेबाने केला नाही, कारण साहेब कोणी उरलाच नव्हता. सुसी आणि चुमा हे दोघे जुने सेवक पुढारी झाले. सर्वांनी मिळून असे ठरविले की शव किनाऱ्यापर्यंत न्यावयाचे. मेलेल्या माणसाला घेऊन प्रवास करणे म्हणजे वाटेतल्या प्रत्येक गावाचा रोष ओढवून घेणे, हे त्यांना पुरते ठाऊक होते. काळीज काढून एका मोठ्या झाडाखाली पुरले. त्या वेळी दफनविधीची प्रार्थना जेकब वेनराइटने वाचली, आणि झाडाच्या बुंध्यावर मृताचे नाव व तारीखही त्यानेच कोरली. शव उन्हात वाळवून, कापडात गुंडाळून, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात बसवून, वरून शिडाच्या कापडाने शिवून घेतले. वाटेत उन्यान्येंबे येथे लिव्हिंग्स्टनच्या शोधार्थ निघालेल्या कॅमरन या इंग्रज अधिकाऱ्याची गाठ पडली. त्याने येथेच दफन करावे असा सल्ला दिला, तो या मंडळींनी साफ नाकारला. पुढे एका ठिकाणी गावकऱ्यांनी प्रेत नेण्यास मनाई केली, तेव्हा त्यांनी धाटांची एक खोटी मोळी प्रेताप्रमाणे गुंडाळून, जणू दफनासाठीच मागे परत पाठविली, आणि खरे शव कापडाच्या गठ्ठ्यासारखे बांधून पुढे नेले. नऊ महिन्यांनी, १८७४ च्या फेब्रुवारीत, ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोहोचले. हा मार्ग गुलामांच्या काफिल्यांचाच होता. ज्या वाटेने माणसे विकण्यासाठी हाकलली जात, त्याच वाटेने पूर्वी विकली गेलेली माणसे एका गोऱ्याचे कलेवर, कोणी हुकूम दिलेला नसताना, खांद्यावर घेऊन चालली होती.

शवाबरोबर विलायतेस जाणे वेनराइटच्या वाट्यास आले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनला मूठमाती देण्यात आली, तेव्हा शवपेटी धरणाऱ्या मान्यवरांत शरणपूरच्या शाळेत शिकलेला हा तरुण होता. त्या थडग्यावरची शिळा मी चित्रांतूनच पाहिली आहे. तिच्यावर विश्वासू हातांनी हे शव जमीन व समुद्र ओलांडून आणल्याचा उल्लेख आहे, आणि लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या दिवसांतील एक वाक्यही कोरले आहे. जगाची ही उघडी जखम बरी करण्यास जो कोणी साह्य करील, मग तो कोणत्याही देशाचा वा धर्माचा असो, त्याला देवाचा आशीर्वाद लाभो, असा त्याचा आशय. जखम म्हणजे गुलामांचा व्यापार. तुर्कालाही, म्हणजे मुसलमानालाही, त्या आशीर्वादात त्याने सामील केले आहे. हात कोणाचे होते हे मात्र शिळेवर नाही.

आता फ्रेडरिक विल्यम फेररकडे वळतो. मुंबईत जन्मलेला हा मिशनऱ्याचा मुलगा किंग्ज कॉलेजात फ्रेडरिक डेनिसन मॉरिस यांचा विद्यार्थी होता, आणि नरकातील शिक्षा अनंतकाळ चालते या मतास शंका घेतल्यामुळे मॉरिस यांना १८५३ मध्ये त्या कॉलेजातील अध्यापनाची जागा गमवावी लागली होती. शिष्य पुढे शाळामास्तर, मग ग्रंथकार, आणि १८७६ साली वेस्टमिन्स्टर ॲबीचा कॅनन झाला. १८७७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणजे वेनराइटने जेथे शवपेटी धरली त्याच छपराखाली, तीन वर्षांनी, त्याने पाच प्रवचने केली, आणि ती पुढल्या वर्षी 'शाश्वत आशा' या अर्थाच्या नावाने ग्रंथरूपाने निघाली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. देवाचा अखेरचा विजय म्हणजे वाइटाचा नाश. पण सृष्टीच्या एका कोपऱ्यात कोट्यवधी जीव अनंतकाळ पापाच्या शिक्षेत तळमळत राहणार असतील, तर वाईट नष्ट झाले कोठे? ते केवळ कैदेत पडले, आणि कैदेतले वाईट हे वाईटच. सर्व जीव खात्रीने तरतीलच असे त्याने म्हटले नाही. परंतु मृत्यूच्या घटकेला दयेचा दरवाजा कायमचा बंद होतो, हे त्याने मानले नाही. इंग्लंडभर गदारोळ झाला. ऑक्सफर्डचे वृद्ध पंडित पुसी यांनी १८८० मध्ये त्याच्या खंडनार्थ स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि फेररने पुढल्या वर्षी त्याला उत्तर दिले.

हा वाद आपल्याला परका वाटू नये. आळ्याच्या रेड्याची कथा ज्यांच्या नावाने सांगितली जाते, त्या ज्ञानदेवांनी आपल्या ग्रंथाच्या शेवटी देवापाशी जे मागितले, त्यात दुष्टांच्या नाशाची मागणी नाही. दुष्टांतील वाकडेपणा जावो आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागो, एवढीच आहे. तेराव्या शतकात नेवाशास मागितलेले हे दान आणि एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये झालेली ही प्रवचने यांच्यात कोणतेही ऐतिहासिक नाते नाही, आणि ते जोडण्याचा मोह मी आवरतो; परंतु दोघांच्याही पुढे अडचण एकच होती. चांगल्याचा विजय झाल्यावर वाईट माणसाचे काय होते, याचे उत्तर दिल्यावाचून विजयाची गोष्ट पुरी होत नाही. आमच्याकडे अनेकांनी मिशनऱ्यांना ऐकवले असेल की तुमचा देव दयाळू, मग अनंत नरक कशाला. त्याच आक्षेपाला मिशनऱ्याच्याच मुलाने ॲबीच्या व्यासपीठावरून वाचा फोडावी, ही इतिहासाची गंमत आहे. आणि अशी मते ख्रिस्ती धर्मातही नवी नव्हती. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने याहून पुष्कळ पुढची मजल मारली होती, आणि पुढे चर्चने त्याच्या शिकवणीचा निषेधही केला.

परंतु फेररची थोरवी सांगताना त्याच्या दप्तरातील दुसरा कागदही काढला पाहिजे. १८६७ साली त्याने मानववंशांच्या पात्रतेवर एक निबंध प्रसिद्ध केला, त्यात मानवजातीची उतरंड लावून कृष्णवर्णीयांना त्याने सर्वांत खालच्या, सुधारणेपलीकडच्या पायरीवर बसविले. परलोकी कोणत्याही पाप्याविषयी आशा सोडू नये म्हणणारा हा थोर वक्ता, इहलोकी काही जातींविषयी आशा सोडून बसला होता. आणि ज्या शाळेची पाळेमुळे त्याच्या बापाच्या ठाण्यात होती, तेथून निघालेली आफ्रिकी मुले त्याच काळात त्याच्या निबंधाला खोटे पाडीत होती. वेनराइट शवाबरोबरच्या प्रवासाची रोजनिशी इंग्रजीत लिहीत होता. त्याने हा निबंध वाचला असण्याचा संभव फार थोडा. वाचण्याची त्याला गरजही नव्हती.

यानंतरची हकिगत मोंबासाच्या किनाऱ्यावर घडते. शरणपुरातून जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर ही माणसे १८६० च्या दशकापासूनच राबाई येथे जुने मिशनरी रेबमान यांच्या मदतीस जात होती. १८७३ च्या जूनमध्ये झांजिबारच्या सुलतानाने तहनाम्यावर सही करून गुलामांचा समुद्री व्यापार व झांजिबारचा बाजार बंद केला; या तहाची पूर्वतयारी ज्या शिष्टाईने झाली तिचे प्रमुख फ्रियरच होते. मुक्त होणाऱ्यांना वसविण्यासाठी प्राइस स्वतः शरणपूर सोडून १८७४ च्या अखेरीस मोंबासास गेला आणि खाडीपलीकडे फ्रियरच्या नावाची वसाहत उभी केली. तिच्या उभारणीत दीडशेच्या आसपास मुंबईकडचे आफ्रिकी होते. तेथील लोक त्यांना 'बाँबे आफ्रिकन' म्हणत. नाशकात शिकलेली सुतारी, लोहारी आणि अक्षरे तेथे कामास आली. आफ्रिकी निघून गेल्यावर शरणपुराची रया गेली, पण ते नाव नाशकात अजून चालते.

ही वसाहत म्हणजे प्रकटीकरणातले नवे नगर होते असे मात्र कोणी समजू नये. तेथील लौकिक कारभाऱ्याने मुक्त गुलामांना फटके मारल्याचे, कोंडून ठेवल्याचे प्रकरण १८८१ मध्ये उघडकीस आले, चौकशी झाली, आणि प्राइसला पुन्हा येऊन कारभार हाती घ्यावा लागला. ज्या पाठींवरचे वळ मावळण्यासाठी वसाहत स्थापिली, त्याच पाठींवर वसाहतीनेच नवे वळ उठविले. आफ्रिकी धर्मगुरूंना पगार आणि मान गोऱ्यांच्या मानाने कमी, हाही सल तेथे कायम राहिला. वाईट हे शत्रूच्या गोटातच असते असे समजणाऱ्या प्रत्येक चळवळीवर हा प्रसंग येतो, आणि ख्रिस्ती आशेचे मला जर काही खरे बळ वाटत असेल, तर ते हे की आपल्याच हातून घडलेल्या वाइटाचाही त्या निकालात समावेश आहे, ही जाणीव तिच्यात मुळापासून आहे. ती जाणीव सदैव जागी असते असे मात्र नाही.

१८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन याने जोन्स आणि सेम्लर यांना डीकनपदाची दीक्षा दिली, आणि त्याच वर्षी युगांडाच्या मोहिमेवर जोन्सला बरोबर नेले. काफिल्याचा मोठा भाग जोन्सच्या हवाली ठेवून बिशप थोड्या माणसांनिशी पुढे गेला, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस राजा म्वांगाच्या हुकुमाने बुसोगा प्रांतात मारला गेला. जोन्सने पुष्कळ वाट पाहिली, मग उरलेली माणसे सांभाळून परत आणली. १८८६ च्या फेब्रुवारीत राबाईत शिरताना त्याच्या काफिल्यापुढे निळे निशाण होते आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द होता, ईखाबोद; कराराचा कोश शत्रूने नेला त्या दिवशी जन्मलेल्या बालकाला त्याच्या मरणोन्मुख आईने दिलेले नाव, ज्याचा अर्थ वैभव गेले. विजयाचा डंका वाजविणाऱ्या धर्माच्या सेवकाने पराभवाचे निशाण उघड उघड मिरवत यावे, यात मला त्या धर्माची कमी नव्हे, पत दिसते.

याच जोन्सच्या हाती राबाईचे ठाणे होते, आणि आसपासच्या अरब व स्वाहिली मालकांच्या वाड्यांतून पळालेले गुलाम तेथे येऊन झोपड्या बांधीत होते. पळालेल्यांना आसरा देऊ नये, अशी मिशनला सरकारची ताकीद होती, आणि मिशनच्या वरिष्ठांनाही ती मान्य होती. कारण मालकांचा कायद्याने हक्क होता आणि चिडलेल्या मालकांनी वसाहतीवर चालून येण्याच्या धमक्या पूर्वी दिल्या होत्या. जोन्स स्वतः विकला गेलेला माणूस. आलेल्यांना तो परत धाडू शकला नाही. संख्या वाढत वाढत इतकी झाली की १८८८ साली मालकांनी गलबला केला आणि प्रकरण लढाईवर येऊन ठेपले. तेव्हा नव्याने आलेल्या इंग्रज व्यापारी कंपनीचा मॅकेंझी नावाचा प्रमुख मध्ये पडला, त्याने मोजदाद करविली, आणि मिशनांच्या आश्रयाने राहिलेल्या सुमारे १,४०० माणसांबद्दल मालकांना रोख भरपाई देण्याचे ठरले. १ जानेवारी १८८९ रोजी राबाई येथे मुक्ततेचे दाखले वाटण्यात आले. पैसे विकणाऱ्यांना मिळाले, विकल्या गेलेल्यांना कागद मिळाला. आणि तरीही त्या कागदाची ज्याने वाट पाहिली असेल त्याला हा हिशेब अन्यायाचा वाटला असेल, असे मला छातीठोकपणे सांगवत नाही.

जेकब वेनराइट विलायतेहून परतल्यावर आफ्रिकेत निरनिराळ्या ठिकाणी चाकरी करीत राहिला आणि १८९२ मध्ये उरांबो येथे वारला. फ्रेडरिक फेरर १८९५ मध्ये कँटरबरीचा डीन झाला. १९०३ च्या मार्चात तो वारला, तेव्हा मोंबासाच्या किनाऱ्यावर गुलामगिरी अजून कायदेशीरच होती. तिची कायदेशीर मान्यता १९०७ साली काढून घेण्यात आली, आणि तीही पुन्हा मालकांना भरपाई देऊनच. चेंगविंबे, ऊर्फ मॅथ्यू वेलिंग्टन, हे सारे पाहून मोंबासात १९३५ पर्यंत जगला.